‘कॉम्रेड्स: ऑलमोस्ट अ लव्ह स्टोरी’ : शेवटच्या त्या आगगाडीचा अर्थ कसा लावायचा?

प्रश्न : पाऊलवाट

नमस्कार.

पीटर चॅन यांनी दिग्दर्शित केलेला १९९६ सालचा हा हाँगकाँगचा चित्रपट मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. प्रश्न अगदी शेवटच्या दृश्याबद्दल असल्यामुळे ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहावा आणि मग पुढे वाचावे, अशी विनंती.

ज्यांनी तो फार वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. १९८६च्या मार्च महिन्यात ली श्याओजुन हा चीनच्या मुख्य भूमीतला साधाभोळा तरुण आगगाडीने, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगला येतो. पैसे साठवायचे, गावी राहिलेल्या श्याओतिंगला आणायचे आणि तिच्याशी लग्न करायचे, एवढेच त्याचे स्वप्न आहे. त्याला हाँगकाँगची कँटनी भाषा येत नाही आणि इंग्रजी तर मुळीच नाही. मॅकडॉनल्डमध्ये त्याला ली छ्याओ भेटते. ती मूळची मुख्य भूमीतल्या ग्वांगझौ शहराची, पण आपण हाँगकाँगच्याच आहोत असे भासवणारी, एकाच वेळी अनेक ठिकाणी राबणारी आणि नवख्या माणसाला इंग्रजीच्या वर्गात नेऊन बसवून त्यावर दलाली मिळवण्याइतकी व्यवहारी आहे. दोघांची मैत्री होते, ती मैत्रीच्या पुढेही जाते, आणि तरीही दोघे स्वतःला बजावत राहतात की हे प्रेम नव्हे, ही परक्या शहरातली सोबत आहे. पुढे त्याचे श्याओतिंगशी लग्न होते आणि ली छ्याओ पाओ नावाच्या एका टोळीप्रमुखाबरोबर राहू लागते. एका टप्प्यावर दोघे सारे काही सोडून एकत्र यायचे ठरवतात, पण नेमक्या त्याच वेळी पाओला पळ काढावा लागतो, आणि त्याचा निरोप घ्यायला बोटीवर गेलेली ली छ्याओ त्याच्याबरोबरच निघून जाते. कालांतराने दोघे वेगवेगळ्या वाटांनी न्यूयॉर्कला पोहोचतात. ८ मे १९९५ रोजी गायिका तेरेसा तेंग यांचे निधन होते, चायनाटाउनमधल्या एका दुकानाच्या काचेमागच्या टीव्हीवर ती बातमी चालू असते, ती पाहायला दोघे थांबतात, शेजारी कोण उभे आहे हे त्यांच्या ध्यानात येते आणि दोघे हसतात.

चित्रपट इथे संपला असता तर माझा काही प्रश्न नव्हता. पण त्यानंतर पुन्हा १९८६ची ती आगगाडी दाखवली जाते. श्याओजुन बसल्या बसल्या झोपलेला आहे, कॅमेरा सरकतो आणि आपल्याला दिसते की त्याच्या मागच्या बाकावर, त्याच्या पाठीला पाठ लावून, त्याच्या डोक्याला डोके टेकून ली छ्याओ झोपलेली आहे. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विशीत होते आणि या दृश्याने मला रडू आले होते. या वेळी मात्र मी अस्वस्थ झाले. दहा वर्षे या दोघांनी जे निवडले, जे चुकले, जे भोगले, ते सगळे आधीच ठरलेले होते असे हा शेवट सांगतो का? तसे असेल तर ली छ्याओच्या त्या अपार कष्टांचे मोल कमी होत नाही का? मी स्वतः अकरा वर्षे परदेशात काढली आहेत. पहिल्या हिवाळ्यात ज्या घरी मला गरम भात आणि आमटी मिळाली, त्या घराशी आज सख्ख्या नात्यासारखे नाते आहे, पण त्याला दैव म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या घरच्या ताईंनी मला दुकानात मराठीत फोनवर बोलताना ऐकले आणि थांबवून घरी बोलावले, एवढेच ते होते. म्हणून विचारते आहे, की आपण सगळे या शेवटाकडे कसे पाहता?


प्रतिसाद : आगबोट

पाऊलवाट, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेवटच्या वाक्यात दडलेले आहे, असे मला वाटते.

मी नोकरीनिमित्त पाच वर्षे हाँगकाँगमध्ये, हुंगहोम भागात राहिलो. श्याओजुन ज्या स्थानकावर उतरतो ते कौलून स्थानक तिथेच आहे. १९७५ साली ते त्या जागी आले आणि पुढे त्याचे नावही हुंगहोम असेच झाले. ग्वांगझौहून थेट कौलूनला येणारी गाडी तीस वर्षांच्या खंडानंतर १९७९च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी माणसे सरहद्दीवर लो वू इथे उतरत, सामान उचलून पूल चालत ओलांडत आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसत. म्हणजे १९८६ साली मुख्य भूमीतून रीतसर परवाना घेऊन रेल्वेने येणाऱ्या माणसासमोर दहा वाटा नव्हत्या. मार्ग एक, शेवटचे स्थानक एक.

परवान्याचेही तसेच होते. १९८०च्या ऑक्टोबरपर्यंत हाँगकाँगचा नियम असा होता, की सरहद्द चोरून ओलांडलेला माणूस शहरातल्या नातेवाइकांपर्यंत पोहोचला तर त्याला राहू देत आणि वाटेत सापडला तर परत पाठवत. तो नियम रद्द झाल्यावर कायमचे स्थायिक होण्यासाठी चीनने दिलेला एकेरी प्रवासाचा परवाना हाच मुख्य रस्ता उरला. ऐंशीच्या दशकात असे परवाने दिवसाला ७५ होते, १९९३ साली १०५ झाले आणि १९९५ साली १५०. दिवसाला ७५ म्हणजे वर्षाला सुमारे २७ हजार माणसे. ही सारी एकाच अरुंद दारातून आत येतात, त्याच कमी भाड्याच्या खोल्या शोधतात, त्याच कामांना लागतात, आणि चार पैसे जमले की तोच इंग्रजीचा वर्ग लावतात. त्यांच्यापैकी दोघांची गाठ पडणे हा मला चमत्कार वाटत नाही. उलट ती पडली नसती तर नवल होते.

न्यूयॉर्कचेही तेच. पाओचा खून झाल्यावर ली छ्याओला परत पाठवण्यासाठी अधिकारी गाडीतून नेत असतात, तिला सायकलवरून जाणारा श्याओजुन दिसतो आणि ती गाडीतून उतरून जिवाच्या आकांताने धावते. टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत तिला तो सापडत नाही. मात्र चायनाटाउनमध्ये तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा असतो. मोठ्या, मोकळ्या, कोणाच्याच नसलेल्या चौकात माणूस हरवतो आणि आपल्या लोकांच्या गल्लीत सापडतो. हे दैव असेल, पण त्या दैवाला नकाशा आहे.

एक गोष्ट मला अजून आठवते. हुंगहोमच्या फलाटावरून गाडी सुटायच्या आधी माणसे लाल, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांवर बसून असत. तोंडाशी साखळी बंद होईना म्हणून सुतळीने आवळलेल्या, गावाकडे न्यायच्या वस्तूंनी ठासून भरलेल्या त्या पिशव्या होत्या. तशी पिशवी दिसली की मालक कुठून आला आणि कुठे चालला हे विचारावे लागत नसे. त्या पिशवीवर बसलेले दोन अनोळखी जीव एकमेकांना टेकून झोपी जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. शेवटचे दृश्य मला म्हणूनच अतिशय खरे वाटते.


प्रतिसाद : शब्दवेडी

आगबोट यांचा प्रतिसाद आवडला, आणि तरीही ‘दैव’ हा शब्द इथे बाजूला ठेवावा असे मला सुचवायचे आहे. मी काही वर्षे चिनी भाषा शिकले. या चित्रपटाविषयी चिनी माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडी येणारा शब्द असतो ‘युआनफेन’. इंग्रजी सबटायटलांत त्याचे नशीब किंवा नियती होऊन जाते आणि आपली चुकामूक तिथून सुरू होते.

या शब्दाचे दोन तुकडे आहेत. त्यातला ‘युआन’ बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरातून रुजला. संस्कृतातल्या ‘प्रत्यय’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी तो वापरला. हा प्रत्यय म्हणजे कार्य घडायला साहाय्य करणारी परिस्थिती. बी हा हेतू, तर माती, पाणी आणि ऊन हे प्रत्यय. बी असूनही पाऊस झाला नाही तर रोप येत नाही. याचा अर्थ ‘युआन’ ही कपाळावर लिहून ठेवलेली ओळ नव्हे, भेट शक्य करणाऱ्या परिस्थितीचा तो मेळ आहे. आगबोट यांनी सांगितलेला एकेरी परवाना, ती गाडी, तो इंग्रजीचा वर्ग हे सगळे या अर्थाने प्रत्ययच ठरतात, आणि ‘नशीब की परिस्थिती’ असे दोन तट तिथे पडतच नाहीत.

दुसरा तुकडा ‘फेन’. त्याचा अर्थ हिस्सा, वाटा. मराठीत आपण एखादी गोष्ट ‘वाट्याला आली’ असे म्हणतो, अगदी तोच भाव. चिनी भाषेत असे म्हणण्याची पद्धत आहे की दोघांत युआन होते, पण फेन नव्हते. म्हणजे भेटीचा योग होता, सहवास वाट्याला आला नाही. माझ्या मते या चित्रपटाचा सगळा जीव या दोन तुकड्यांमधल्या फटीत आहे. आगगाडीतले दृश्य युआनची साक्ष देते. त्यात फेनचे काहीही आश्वासन नाही, आणि दुकानाच्या काचेसमोर ते दोघे हसतात तिथेही नाही. पुढे त्यांचे काय होते हे चित्रपट सांगत नाही. पटकथाकार आयव्ही हो यांनी ते मोकळे ठेवले, यात मला त्यांची मोठी समज दिसते.

रोझी आत्याची गोष्टही इथे आठवावी. सबटायटलांत ती नुसती ‘आंटी’ असते, पण नात्याने ती श्याओजुनची आत्या आहे. तरुणपणी एका हॉलिवूडपटाच्या चित्रीकरणासाठी हाँगकाँगला आलेल्या विल्यम होल्डन या नटाने आपल्याला पेनिन्सुला हॉटेलात जेवायला नेले होते, असे ती सांगते आणि सगळे तो म्हातारीचा भ्रम समजतात. होल्डन खरोखरच पन्नाशीच्या दशकात चित्रपटासाठी हाँगकाँगला गेले होते. आत्या गेल्यावर तिने जपलेली पेटी उघडते आणि तिचे बोलणे खोटे नव्हते हे कळते. एक संध्याकाळ घडली, पुढे काही वाट्याला आले नाही, आणि त्या एका संध्याकाळीवर तिने जन्म काढला. श्याओजुनची गोष्ट सुखान्त ठरली नसती तर कशी दिसली असती, ते आत्याच्या त्या पेटीत ठेवलेले आहे.


प्रतिसाद : कृष्णाकाठ

चित्रपट मलाही मनापासून आवडतो. ली छ्याओची भूमिका करणाऱ्या मॅगी चेउंग यांचे काम तर असे आहे, की शवागारात पाओचा देह ओळखायला गेल्यावरची ती दोन मिनिटे मी कधीच विसरणार नाही. पण वरच्या चर्चेत एका व्यक्तीचे नावही कोणी नीट घेतलेले नाही, आणि ती म्हणजे श्याओतिंग.

श्याओजुन तिला पत्रे लिहितो. चित्रपटाचा पहिला भाग त्या पत्रांच्या आवाजावर चालतो. शहरात उतरल्यावर काय पाहिले, मॅकडॉनल्डमध्ये पहिल्यांदा काय खाल्ले, कोणते काम मिळाले, हे सारे तो तिला निरागस उत्साहाने कळवतो. मग हळूहळू पत्रांतून एक माणूस वगळला जाऊ लागतो. दागिन्यांच्या दुकानातले ते दृश्य आठवा. तो सोन्याची दोन एकसारखी कांकणे विकत घेतो, एक श्याओतिंगसाठी आणि एक ली छ्याओसाठी. त्याच्या मनात खोट नाही, त्याला खरोखरच दोघींना चांगले काहीतरी द्यायचे आहे. ली छ्याओ दुखावते आणि आपण त्याची कोण लागतो हे त्याला खडसावून विचारते. तिचा तो राग रास्तच आहे. पण दुसरे कांकण ज्या मनगटात जाणार आहे, त्या मनगटाच्या मालकिणीला राग व्यक्त करण्याची संधी कित्येक वर्षांनी मिळते, आणि तीही सगळे आटोपल्यावर.

मला हे टोचते, त्याला कारण आहे. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि आजी साताऱ्याजवळच्या गावात. वर्षातून दोनदा ते यायचे, दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्या कूपनावर चार ओळी असायच्या. आजीला वाचता येत नव्हते, पोस्टमन त्या वाचून दाखवायचा. आजीने ती कूपने एका डब्यात ठेवली होती. तिच्या वाट्याला तो डबा आला. त्यामुळे परगावी गेलेल्या माणसाच्या प्रेमकथेत मागे राहिलेल्या माणसाला किती मिनिटे दिली आहेत, हे मी नेहमी मोजतो. इथे ती फार थोडी आहेत. शेवटची आगगाडी मला एवढ्याचसाठी खटकते, की त्या दोघांची गाठ पहिल्या दिवसापासून होती असे एकदा ठरवले, की श्याओतिंगवरचा अन्याय आपोआप झाकला जातो. युआन म्हणा किंवा योग म्हणा, त्याची किंमत तिसऱ्याच कोणीतरी मोजलेली आहे.


प्रतिसाद : शब्दवेडी

कृष्णाकाठ, आपल्या आजींचा तो डबा वाचून मी बराच वेळ थांबले. आपला मुद्दा मला मान्य आहे. चित्रपट श्याओतिंगला वाईट ठरवत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. तो तिला पुरेसा वेळ देत नाही, हे खरेच.

आपण शवागाराचा उल्लेख केलात म्हणून पाओविषयी लिहिते, कारण तिथे आपला ‘ऋणानुबंध’ हा शब्द चिनी शब्दापेक्षाही नेमका बसतो. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. हाँगकाँगचा बाजार चार दिवस बंद ठेवला गेला आणि २६ तारखेला उघडल्यावर एका दिवसात निर्देशांक एक तृतीयांशाने घसरला. ली छ्याओची सारी जमापुंजी त्यात गेली. तोवर तिचा आनंद एटीएमच्या पडद्यावर वाढत जाणाऱ्या आकड्यात होता, श्याओजुनला शेजारी उभे करून ती तो आकडा पाहायची. तो आकडा नाहीसा झाल्यावर कर्ज फेडण्यासाठी ती मालिश करण्याच्या केंद्रात कामाला लागते आणि तिथे पाओ येतो. त्याच्या पाठभर गोंदण आहे. आपल्याला फक्त उंदरांची भीती वाटते असे ती बोलून जाते आणि पुढच्या वेळी तो येतो तेव्हा त्या सगळ्या उग्र गोंदणाच्या मधोमध एक छोटा मिकी माउस गोंदवून घेतलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये देह ओळखायची वेळ येते तेव्हा ती अधिकाऱ्यांना तो उलटा करायला सांगते. पाठीवरचा तो मिकी दिसतो, तिला क्षणभर हसू फुटते आणि त्या हसण्यातूनच हुंदका येतो.

पाओ तिला बोटीवर अडवत नाही, उलट परत जा म्हणून सांगतो, आणि म्हणूनच ती जात नाही. तिच्या अवघड दिवसांत तो उभा राहिला, त्याच्या अवघड दिवसात तिला पाठ फिरवता आली नाही. ऋणानुबंधातला ‘ऋण’ हा भाग पाओचा आहे आणि ‘अनुबंध’ श्याओजुनचा. इथे तिला कोणी ढकलत नाही. हातात सुख असताना ती ऋण निवडते, आणि त्या निवडीवर पुढची पाच वर्षे बेतलेली आहेत. पाऊलवाट, आपण विचारलेल्या ‘मोल’ या शब्दाचे उत्तर मला त्या बोटीवर मिळते.


प्रतिसाद : नादब्रह्म

धागा उशिरा पाहिला. चर्चा गाण्यापर्यंत कशी आली नाही याचे आश्चर्य वाटले, कारण चित्रपटाचे चिनी नाव गाण्याचेच आहे. ‘त्येन मी मी’, म्हणजे मधासारखे गोड. तेरेसा तेंग यांनी ते १९७९ साली गायिले. चाल एका इंडोनेशियन लोकगीताची आणि चिनी शब्द झुआंग नू यांचे. तैवानमध्ये जन्मलेली गायिका, इंडोनेशियाची चाल आणि चोरून ऐकणारे श्रोते मुख्य चीनमध्ये. ते गाणेही या दोघांसारखे सरहद्दी ओलांडत आलेले आहे.

‘चोरून’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधल्या सरकारी मताप्रमाणे तेंग यांची गाणी माणसाला दुबळे आणि विलासी करणारी होती. तरीही कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेत ती घरोघरी पोहोचली. दिवसा थोरल्या तेंगचे ऐकायचे आणि रात्री धाकट्या तेंगचे, असे लोक म्हणत. थोरले म्हणजे चीनचे तेव्हाचे नेते तेंग श्याओपिंग, दोघांचे आडनाव एकच. तेरेसा तेंग यांना मुख्य चीनमध्ये कार्यक्रम करण्याचा योग आयुष्यात कधीच आला नाही. थायलंडमध्ये च्यांग माय इथे दम्याच्या झटक्याने त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ वर्षांचे होते.

आता चित्रपटातला चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचा बाजार आठवा. पावसात ली छ्याओ तेंग यांच्या कॅसेटींचे दुकान मांडून बसते आणि ते साफ बुडते. तेंग आवडणे म्हणजे आपण मुख्य भूमीतून आलो आहोत हे चारचौघांत कबूल करणे. त्या काळी नव्याने आलेल्या माणसाला हाँगकाँगमध्ये दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका गावंढळ पात्राच्या नावाने हिणवत असत, मग ती कबुली कोण देणार? घरी तेच गाणे गुणगुणणारी माणसे दुकानासमोरून मान खाली घालून निघून जातात. आणि त्याच रात्री ली छ्याओ स्वतः श्याओजुनला सांगते की तीही तिकडचीच आहे. त्याच्या इवल्याशा खोलीत दोघे गरम काहीतरी खातात, ती निघते, बाहेर थंडी आहे म्हणून तो तिच्या अंगावर एकावर एक कोट चढवतो आणि बटणे लावत जातो. शेवटच्या बटणापर्यंत दोघांचे चेहरे इतके जवळ येतात की पुढे बोलायला काही उरत नाही. खोटेपणाचे वस्त्र उतरल्यावर खरे कपडे चढवले जातात आणि मग तेही उतरतात, हे दृश्य जिंगल मा यांच्या कॅमेऱ्याने किती हळुवार टिपले आहे.

पण मूळ प्रश्नाकडे येतो. त्या गाण्याचा आशय पाहा. गाणारी म्हणते, की तुझे हसणे इतके ओळखीचे वाटते, तुला मी कुठे पाहिले आहे ते काही केल्या आठवत नाही. आणि मग तिला उमगते, की स्वप्नात. संपूर्ण चित्रपटभर हा प्रश्न सुरांतून विचारला जातो. सायकलवर मागे बसून पाय हलवत ली छ्याओ ते गाणे गाते तेव्हाही तोच प्रश्न असतो. शेवटच्या दृश्यात त्याचे उत्तर मिळते. पाहिले होते, आगगाडीत; पण दोघेही तेव्हा झोपेत होते, म्हणजे शब्दशः स्वप्नात होते. मला त्या दृश्यात नियतीचा निवाडा दिसत नाही. एका गाण्यातल्या प्रश्नाला दिग्दर्शकाने दिलेले ते उत्तर आहे, आणि ते उत्तर फक्त प्रेक्षकाला कळते. त्या दोघांना ते कधीच कळणार नाही.

जाता जाता एक सूचना. श्याओजुनची भूमिका करणारे लिऑन लाय स्वतः बीजिंगमध्ये जन्मलेले आणि लहानपणी हाँगकाँगला आलेले आहेत. चित्रपटात मुख्य भूमीची मंदारिन आणि हाँगकाँगची कँटनी या दोन्ही भाषा आहेत. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो आहे, कुठे अडखळतो आहे, हे नुसती सबटायटले वाचून कळत नाही. कान थोडा त्या बाजूला ठेवावा.


प्रतिसाद : पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर एकच मिळावे अशी माझी अपेक्षा नव्हती.

आगबोट, तुमचा प्रतिसाद वाचून मला आमच्या त्या ताईंचे दुकान पुन्हा आठवले. त्या शहरात भारतीय किराणा मिळणारे तेवढे एकच दुकान होते. मी तिथे जाणारच होते आणि त्याही. म्हणजे भेटीची जागा ठरलेली होती. पण थांबून, वळून मला हाक मारणे हे त्यांचे स्वतःचे होते, आणि ते न करताही त्या डाळीची पिशवी घेऊन घरी जाऊ शकल्या असत्या. शब्दवेडी यांनी सांगितलेले युआन आणि फेन मला या दोन गोष्टींत वेगळे करून दाखवता येते, आणि दैव म्हणायला वळत नसलेली माझी जीभ ‘प्रत्यय’ मात्र आनंदाने म्हणते.

कृष्णाकाठ, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. श्याओतिंग हाँगकाँगला येते तेव्हा तीही बहुधा त्याच गाडीने, त्याच स्थानकावर उतरली असेल. तिच्या पाठीला पाठ लावून कोण बसले होते, हे कोणी दाखवलेले नाही.

नादब्रह्म यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी काल रात्री पहिली आणि शेवटची पाच मिनिटे पुन्हा पाहिली. चित्रपटाची सुरुवातही त्याच डब्यात होते. तोच श्याओजुन, तीच झोप, तीच जाग. आपण तेव्हा त्याच्याचकडे पाहत असतो, त्याच्या मागे कोणी आहे हे आपल्या मनातही येत नाही. रविवारी संपूर्ण चित्रपट सबटायटले बंद करून पाहणार आहे. दोन्ही भाषा मला येत नाहीत, पण तो कुठे अडखळतो तेवढे तरी ऐकू येईल.